पॉवरलाइन अडॅप्टर

हा लेख घरातील विजेच्या तारांतून संगणकीय माहिती वाहून नेणाऱ्या उपकरणाविषयी आहे. विद्युतदाब बदलून मोबाइल अथवा लॅपटॉप चार्ज करणाऱ्या ‘पॉवर अडॅप्टर’शी त्याचा संबंध नाही.

पॉवरलाइन अडॅप्टर हे घरातील विद्युतपुरवठ्याच्या तारांचाच माहितीवहनासाठी उपयोग करून इंटरनेट जोडणी एका खोलीतून दुसऱ्या खोलीत पोहोचवणारे उपकरण होय. ते सॉकेटमध्ये थेट बसते आणि त्याला इथरनेट केबलसाठी एक किंवा अधिक पोर्ट असतात. अशा अडॅप्टरांची किमान एक जोडी लागते. पहिला अडॅप्टर राउटरजवळच्या सॉकेटमध्ये बसवून केबलने राउटरला जोडतात. दुसरा अडॅप्टर ज्या खोलीत जोडणी हवी तेथील सॉकेटमध्ये बसवतात. त्या दुसऱ्या अडॅप्टरला संगणक, दूरचित्रवाणी संच किंवा वायफाय केंद्र जोडता येते. काही अडॅप्टरांमध्ये वायफायची सोय अंतर्भूत असते.

हे उपकरण स्वतः इंटरनेट पुरवत नाही. सेवापुरवठादाराकडून आलेल्या जोडणीचा घरातल्या घरात विस्तार करणे एवढेच त्याचे कार्य आहे. नवी केबल टाकावी लागत नाही, भिंत फोडावी लागत नाही, हा त्याचा मुख्य लाभ. मात्र विजेच्या तारा माहितीवहनासाठी बनवलेल्या नसल्याने प्रत्यक्ष मिळणारा वेग घराच्या वायरिंगवर अवलंबून असतो आणि तो वेष्टनावर छापलेल्या आकड्यापेक्षा बराच कमी असतो. तसेच या तारा घराच्या सीमेपाशी संपत नसल्यामुळे गोपनीयता आणि रेडिओ व्यत्यय हे दोन प्रश्न या तंत्रज्ञानाशी आरंभापासून निगडित आहेत.

## इतिहास

विजेच्या तारांवरून संदेश पाठवण्याची कल्पना इंटरनेटपेक्षा कितीतरी जुनी आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच उच्चदाब वाहिन्यांवरून उपकेंद्रांमधील दूरध्वनी संभाषण होऊ लागले. या पद्धतीला पॉवरलाइन कॅरिअर संचार असे म्हणतात. तीत साधारणपणे ३० ते ५०० किलोहर्ट्झ वारंवारतेचे संकेत वापरतात. भारतातील पारेषण उपकेंद्रांतही ही पद्धत दीर्घकाळ वापरात आहे. उपकेंद्रात वाहिनीच्या टोकाशी टांगलेली किंवा उभी केलेली पिंपासारखी मोठी वेटोळी म्हणजे या पद्धतीचा ‘वेव्ह ट्रॅप’ होय. तो वीज पुढे जाऊ देतो. परंतु संदेशाची उच्च वारंवारता उपकेंद्राच्या यंत्रणेत शिरण्यापासून अडवतो. युरोपात रस्त्यावरील दिवे व पाणी तापवण्याची उपकरणे दुरून चालू-बंद करण्यासाठी ध्वनी-वारंवारतेचे संकेत वीजवाहिन्यांवर सोडण्याची पद्धतही रूढ झाली.

घरगुती वापरातील पहिली सुपरिचित प्रणाली म्हणजे १९७५ मध्ये स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने विकसित केलेली एक्स-१०. ती १२० किलोहर्ट्झचे अल्पकालीन संकेत वापरून दिवे व उपकरणे नियंत्रित करीत असे. तिचा वेग अत्यल्प होता. मात्र घरातील तारा संदेशवहनासाठी वापरता येतात हे तिने सर्वसामान्य ग्राहकाला दाखवून दिले.

१९९७ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर परिसरात नॉरवेब ही वीजकंपनी आणि नॉर्टेल यांनी वीजवाहिन्यांवरून घरोघरी इंटरनेट पोहोचवण्याचा प्रयोग जाहीर केला. त्यावर रेडिओ व्यत्ययाविषयी आक्षेप घेतले गेले आणि १९९९ मध्ये तो प्रकल्प गुंडाळण्यात आला. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मनासस शहराने वीजवाहिन्यांवरून संपूर्ण शहराला इंटरनेट पुरवण्याची सेवा काही वर्षे चालवली. तीही २०१० मध्ये बंद झाली. रस्त्यावरील वाहिन्यांवरून इंटरनेट पुरवण्याची कल्पना अशा रीतीने मागे पडली. याउलट घरातल्या घरात तेच तत्त्व टिकून राहिले. तेथे अंतर थोडे असते, मध्ये रोहित्र येत नाही आणि कमी शक्तीचा संकेत पुरेसा ठरतो.

२००० साली अनेक कंपन्यांनी एकत्र येऊन होमप्लग पॉवरलाइन अलायन्स ही संस्था स्थापन केली. तिने २००१ मध्ये होमप्लग १.० हे पहिले मानक प्रसिद्ध केले. फ्लोरिडातील इंटेलॉन ही कंपनी या मानकासाठीच्या चिप बनवणाऱ्यांपैकी एक प्रमुख कंपनी होती. २००९ मध्ये ती अथेरॉसने विकत घेतली आणि २०११ मध्ये अथेरॉस क्वालकॉममध्ये विलीन झाली. स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथील डीएस-२ या कंपनीने वेगळी चिप विकसित केली होती. ती २०१० मध्ये मार्व्हेलकडे गेली. २०१६ मध्ये होमप्लग अलायन्सचे काम थांबले.

## कार्यपद्धती

### संकेताची जोडणी

भारतात घरगुती वीजपुरवठा २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झचा असतो. पॉवरलाइन अडॅप्टर यापेक्षा किमान चाळीस हजार पट उच्च, म्हणजे सुमारे २ मेगाहर्ट्झपासून पुढील वारंवारता वापरतो. दोन्हींमधील हे प्रचंड अंतर हाच या तंत्राचा पाया आहे. अडॅप्टरमधील संधारित्र आणि लहान रोहित्र यांचे मंडल ५० हर्ट्झच्या विजेला अडवते आणि केवळ उच्च वारंवारतेच्या संकेताला तारेवर चढू अथवा उतरू देते. त्यामुळे एकाच तारेतून वीज आणि माहिती एकमेकांना बाधा न आणता वाहू शकतात. दिवे, पंखे यांसारख्या उपकरणांवर या क्षीण संकेताचा परिणाम जाणवत नाही.

### उपवाहकांत विभागणी

अडॅप्टर एकाच वारंवारतेवर संपूर्ण माहिती पाठवत नाहीत. उपलब्ध पट्टा शेकडो ते हजारो अरुंद उपवाहकांत विभागून प्रत्येकावर थोडी थोडी माहिती चढवली जाते. या तंत्राला लंबकोनी वारंवारता विभागणी असे म्हणतात. वायफाय आणि चौथ्या पिढीचे मोबाइल जाळे यांतही त्याचाच उपयोग होतो. होमप्लग एव्ही मानकात १.८ ते ३० मेगाहर्ट्झ या पट्ट्यात १,१५५ उपवाहक असतात. त्यांपैकी काही रेडिओ सेवांच्या संरक्षणासाठी कायम बंद ठेवलेले असतात.

दोन अडॅप्टर परस्परांमधील मार्गाची सतत चाचणी घेतात. ज्या उपवाहकावर संकेत स्वच्छ पोहोचतो त्यावर एका वेळी जास्त बिट पाठवतात. जेथे नॉइज अधिक असतो तेथे कमी पाठवतात किंवा तो उपवाहक सोडून देतात. या नोंदीला ‘टोन मॅप’ म्हणतात. घरात एखादे यंत्र चालू झाले की टोन मॅप बदलतो आणि त्याबरोबर वेगही बदलतो.

विजेच्या तारांवरील नॉइज बऱ्याच अंशी विद्युतचक्राच्या तालावर कमी-जास्त होतो. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात एक चक्र २० मिलीसेकंदांचे असते. होमप्लग एव्हीमध्ये संपूर्ण जाळ्याचे वेळापत्रक अशा दोन चक्रांना, म्हणजे ४० मिलीसेकंदांना बांधलेले असते. चक्राच्या वेगवेगळ्या भागांसाठी वेगवेगळे टोन मॅप वापरून नॉइजचा परिणाम कमी केला जातो. वाटेत बिघडलेले बिट ओळखून दुरुस्त करण्यासाठी त्रुटी-सुधारणा संकेतनही वापरले जाते.

### माध्यमाची वाटणी

घरातील सर्व अडॅप्टर एकाच सामाईक तारेवर बोलतात. एका वेळी एकच अडॅप्टर माहिती पाठवू शकतो आणि इतरांना थांबावे लागते. त्यामुळे चार खोल्यांत चार अडॅप्टर लावल्यास प्रत्येकाला पूर्ण वेग मिळत नाही. उपलब्ध वेळ त्यांच्यात विभागला जातो. होमप्लग एव्ही जाळ्यातील एक अडॅप्टर आपोआप समन्वयक बनतो आणि इतरांच्या पाळ्या ठरवतो.

## मानके

| मानक | वर्ष | वारंवारता पट्टा | भौतिक स्तरावरील कमाल वेग |
|---|---|---|---|
| होमप्लग १.० | २००१ | सुमारे ४.५ ते २१ मेगाहर्ट्झ | १४ मेगाबिट प्रति सेकंद |
| होमप्लग एव्ही | २००५ | १.८ ते ३० मेगाहर्ट्झ | २०० मेगाबिट प्रति सेकंद |
| आय-ट्रिपल-ई १९०१ | २०१० | १०० मेगाहर्ट्झखाली | ५०० मेगाबिट प्रति सेकंद |
| होमप्लग एव्ही-२ | २०१२ | सुमारे २ ते ८६ मेगाहर्ट्झ | गिगाबिट श्रेणी |
| जी.एचएन | २००९ पासून | १०० मेगाहर्ट्झपर्यंत | गिगाबिट श्रेणी |

आय-ट्रिपल-ई १९०१ या मानकात परस्परांशी न जुळणाऱ्या दोन पद्धतींना मान्यता देण्यात आली. पहिली होमप्लग एव्हीवर आधारित आहे. दुसरी पॅनासॉनिकने पुरस्कारलेली एचडी-पीएलसी ही वेव्हलेट पद्धती आहे. या दोन्ही पद्धतींची उपकरणे एकाच तारेवर असता परस्परांना अडथळा होऊ नये यासाठी सहअस्तित्वाची यंत्रणा मानकात आहे. परंतु ती एकमेकांशी संवाद साधू शकत नाहीत. जी.एचएन हे आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचे मानक असून ते विजेच्या तारा, टेलिफोनच्या तारा आणि कोअॅक्शियल केबल या तिन्हींसाठी लागू आहे. त्याच्या प्रसाराचे कार्य होमग्रिड फोरम करते.

होमप्लग एव्ही आणि एव्ही-२ यांची उपकरणे एकाच जाळ्यात चालतात. मात्र जुन्या अडॅप्टरशी होणारा संवाद जुन्याच वेगाने होतो. होमप्लग आणि जी.एचएन यांची उपकरणे एकमेकांशी जुळत नाहीत. वेगळ्या कंपनीचा अडॅप्टर जोडताना कंपनीच्या नावापेक्षा मानक जुळणे अधिक महत्त्वाचे असते.

होमप्लग १.० आणि एव्ही ही मानके फेज व न्यूट्रल या दोनच तारा वापरतात. एव्ही-२ आणि जी.एचएनच्या पुढील आवृत्त्या अर्थिंगच्या तारेचाही उपयोग करून एकाच वेळी दोन प्रवाह पाठवू शकतात. या सोयीचा लाभ मिळण्यासाठी सॉकेटच्या तिसऱ्या छिद्रामागे अर्थिंगची तार प्रत्यक्ष जोडलेली असावी लागते. ती नसल्यास अडॅप्टर दोनच तारांवर चालतो.

## छापील वेग आणि प्रत्यक्ष वेग

अडॅप्टरच्या वेष्टनावर ६००, १,२०० किंवा २,००० असे आकडे छापलेले असतात. हा भौतिक स्तरावरील कमाल वेग असतो. त्यात त्रुटी-सुधारणेचे बिट, वेळापत्रकाचे संदेश आणि दोन पाळ्यांमधील रिकामा वेळ यांचाही समावेश होतो. शिवाय तो आदर्श तारेवर, सर्व उपवाहक पूर्ण क्षमतेने चालतील असे गृहीत धरून काढलेला असतो. माहिती पाठवणे आणि स्वीकारणे आळीपाळीने होत असल्याने तोच आकडा दोन्ही दिशांमध्ये वाटला जातो.

याखेरीज इथरनेट पोर्टची मर्यादा असते. ‘६००’ असे लिहिलेल्या अनेक अडॅप्टरांचा पोर्ट १०० मेगाबिट प्रति सेकंद क्षमतेचाच असतो. अशा अडॅप्टरमधून संगणकाला त्याहून अधिक वेग कोणत्याही परिस्थितीत मिळू शकत नाही. गिगाबिट पोर्ट असलेल्या अडॅप्टरमध्ये ही अडचण नसते. तेथे मर्यादा तारेची असते.

प्रत्यक्षात उपयोगी वेग छापील आकड्याच्या निम्म्याहून बराच कमी असतो आणि प्रतिकूल वायरिंगमध्ये तो अगदी थोड्या मेगाबिटांवर येतो. तरीही तुलना छापील आकड्याशी न करता घरातील इंटरनेट जोडणीच्या वेगाशी आणि वापराच्या गरजेशी करणे सयुक्तिक ठरते. दृक्‌श्राव्य बैठक किंवा दूरचित्रवाणी मालिका पाहणे यांना कमाल वेगापेक्षा अखंडित जोडणी अधिक आवश्यक असते.

प्रत्यक्ष वेग मोजण्यासाठी राउटरला केबलने जोडलेला एक संगणक आणि दुसऱ्या अडॅप्टरला जोडलेला दुसरा संगणक यांच्यामध्ये आय-पर्फसारख्या आज्ञावलीने चाचणी घेतात. केवळ इंटरनेटवरील वेगचाचणीने सेवापुरवठादाराची मर्यादा कोणती आणि अडॅप्टरची कोणती हे वेगळे कळत नाही. अडॅप्टरवरील रंगीत दिवा व उत्पादकाची आज्ञावली भौतिक स्तरावरील वेग दाखवतात. त्यांचा उपयोग मुख्यत्वे दोन सॉकेटांपैकी अधिक चांगला कोणता हे ठरवण्यासाठी होतो.

## परिणाम करणारे घटक

### अंतर आणि शाखा

उत्पादक सहसा ३०० मीटरपर्यंतचा पल्ला सांगतात. हे अंतर तारेच्या लांबीचे असते, दोन खोल्यांमधील सरळ अंतर नव्हे. लगतच्या दोन खोल्यांतील सॉकेट वेगवेगळ्या एमसीबीवर असतील तर संकेत पहिल्या खोलीतून वितरण पेटीपर्यंत आणि तेथून दुसऱ्या खोलीपर्यंत असा फेरा घेतो.

लांबीपेक्षाही शाखांचा परिणाम अनेकदा मोठा असतो. घराच्या वायरिंगला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या असतात आणि कित्येक फांद्यांच्या टोकाशी काहीच जोडलेले नसते. अशा मोकळ्या टोकावरून संकेत परावर्तित होऊन मूळ संकेतात मिसळतो. ज्या वारंवारतेला शाखेची लांबी तरंगलांबीच्या चतुर्थांशाएवढी होते, तेथे मूळ व परावर्तित संकेत एकमेकांना जवळजवळ रद्द करतात. तारेतील लहरीचा वेग सेकंदाला २० कोटी मीटर धरल्यास ५ मीटर लांबीच्या मोकळ्या शाखेमुळे १० मेगाहर्ट्झच्या आसपास अशी दरी निर्माण होते. उपवाहकांची विभागणी याच कारणाने उपयुक्त ठरते. दरीत सापडलेले उपवाहक सोडून उरलेल्यांवर काम चालू राहते.

### विद्युत उपकरणांचा नॉइज

मोबाइल चार्जर, संगणकाचा वीजपुरवठा, एलईडी दिव्यांचे चालक मंडल व सीएफएल दिवे यांत उच्च वारंवारतेची स्विचिंग मंडले असतात आणि त्यांतून नॉइज तारेवर उतरतो. मिक्सर किंवा ड्रिलच्या मोटारीतील कार्बन ब्रशच्या ठिणग्यांमुळे विस्तृत पट्ट्यावर नॉइज निर्माण होतो. दिव्याचा प्रकाश किंवा पंख्याचा वेग कमी-जास्त करणारे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक प्रत्येक अर्धचक्रात एक झटका देतात. इस्त्री, गिझर यांसारखी केवळ तापणारी उपकरणे तुलनेने निरुपद्रवी असतात.

अनेक उपकरणांत आणि स्पाइक गार्ड असलेल्या एक्स्टेन्शन बोर्डांत नॉइज शोषून घेणारी संधारित्रे असतात. ती नॉइजप्रमाणेच अडॅप्टरचा संकेतही शोषतात. म्हणून अडॅप्टर भिंतीतील सॉकेटमध्ये थेट बसवण्याची आणि इतर उपकरणे त्यापासून दूर ठेवण्याची शिफारस केली जाते. काही अडॅप्टरांना पुढील बाजूस स्वतःचे सॉकेट व गाळणी मंडल असते. त्यातून जोडलेल्या उपकरणाचा नॉइज तारेवर जाण्याआधीच अडवला जातो.

### तीन फेजचा पुरवठा, इन्व्हर्टर आणि यूपीएस

मोठ्या सदनिका व बंगले यांना बहुधा तीन फेजचा पुरवठा असतो आणि खोल्या वेगवेगळ्या फेजवर विभागलेल्या असतात. दोन अडॅप्टर भिन्न फेजवर असल्यास त्यांना जोडणारी सरळ तार नसते. तरीही एकाच नळीतून शेजारी शेजारी धावणाऱ्या तारांमध्ये उच्च वारंवारतेचा काही अंश एकीतून दुसरीत झिरपतो आणि जोडणी चालू राहू शकते. वेग मात्र घटतो. फेजमध्ये संकेत नेणारे खास जोडणी साधनही वितरण पेटीत बसवता येते. हे काम परवानाधारक वीजतंत्रज्ञाने करावयाचे असते.

वीज सतत बॅटरीच्या मंडलातून रूपांतरित करून देणारा यूपीएस संकेत पुढे जाऊ देत नाही. म्हणून राउटर यूपीएसवर असला तरी त्याला जोडलेला अडॅप्टर यूपीएसच्या सॉकेटमध्ये न बसवता भिंतीतील सॉकेटमध्ये बसवला जातो. भारनियमन असलेल्या भागांत यातून वेगळी अडचण उद्भवते. राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो. परंतु इन्व्हर्टरच्या जोडणीबाहेरील सॉकेटमधील अडॅप्टर वीज जाताच बंद पडतो आणि त्या खोलीतील जोडणी तुटते.

### इमारतीचे वय

जाड भिंतींमुळे वायफाय संकेत क्षीण होतो अशा घरांसाठी हे उपकरण विशेषत्वाने सुचवले जाते. कोकण व गोव्यातील जांभ्या दगडाची घरे, काळ्या दगडातील जुने वाडे आणि अनेक मजल्यांचे सलोह काँक्रीटचे बंगले ही याची उदाहरणे होत. मात्र ज्या जुन्या वास्तूंत भिंती जाड असतात त्यांतील वायरिंगही पुष्कळदा जुने असते. लाकडी पट्टीतील दोनच तारा, अर्थिंगचा अभाव, वेळोवेळी पीळ मारून वाढवलेले सांधे आणि सैल सॉकेट यांमुळे ज्या घराला या तंत्राची गरज सर्वाधिक, तेथेच ते सर्वांत कमी परिणामकारक ठरण्याची शक्यता असते. नव्याने वायरिंग केलेल्या जुन्या घरात ही अडचण राहत नाही. परंतु वायरिंग नव्याने करतानाच इथरनेट केबलसाठी स्वतंत्र नळी टाकणे हा अधिक टिकाऊ पर्याय असतो.

## गोपनीयता आणि सुरक्षा

विजेचा मीटर हा माहितीच्या संकेतासाठी अभेद्य अडथळा नसतो. बहुमजली इमारतीत सर्व सदनिकांच्या तारा तळमजल्यावरील मीटरखोलीत एकत्र येतात आणि एकाच फेजवरील सदनिका तेथे विद्युतदृष्ट्या जोडलेल्या असतात. त्यामुळे एका घरातील अडॅप्टरचा संकेत क्षीण स्वरूपात शेजारच्या घरातील सॉकेटपर्यंत पोहोचू शकतो.

या कारणास्तव तारेवरील माहिती कूटबद्ध केली जाते. होमप्लग १.० मध्ये ५६ बिटांची डीईएस पद्धती होती. ती आज सुरक्षित मानली जात नाही. होमप्लग एव्ही व त्यापुढील मानकांत १२८ बिटांची एईएस पद्धती वापरली जाते. एकाच जाळ्यातील सर्व अडॅप्टरांकडे एक सामाईक कळ असते आणि ती नसलेला अडॅप्टर त्यांची माहिती वाचू शकत नाही.

प्रश्न उद्भवतो तो मूळ कळ न बदलल्यास. वेष्टनातून काढताच अडॅप्टर एकमेकांना ओळखावेत म्हणून अनेक उत्पादक सर्व अडॅप्टरांना एकच सर्वज्ञात कळ देऊन विकतात. होमप्लग एव्हीची अशी कळ मानकाच्या नावापासूनच तयार केलेली होती. दोन शेजाऱ्यांनी असे अडॅप्टर कळ न बदलता वापरल्यास त्यांची घरगुती जाळी नकळत एक होऊ शकतात. त्यामुळे शेजाऱ्याच्या संगणकावरील सामाईक फोल्डर अथवा प्रिंटर दिसणे, प्रसंगी आपला संगणक दुसऱ्याच्याच राउटरवरून इंटरनेट वापरू लागणे असे प्रकार घडू शकतात.

हे टाळण्यासाठी अडॅप्टरवर जोडणीचे बटण असते. पहिल्या अडॅप्टरचे बटण दाबल्यावर ठरावीक कालावधीत, बहुधा दोन मिनिटांत, दुसऱ्याचे बटण दाबले असता दोन्ही मिळून नवी यादृच्छिक कळ निश्चित करतात. संगणकावरील आज्ञावलीतूनही कळ बदलता येते. त्यासाठी अडॅप्टरच्या मागील पट्टीवर छापलेला संकेतांक लागतो. हा संकेतांक ठाऊक असलेली व्यक्ती त्याच तारेवरून अडॅप्टर आपल्या जाळ्यात ओढू शकते. म्हणून त्या पट्टीचे छायाचित्र सार्वजनिक न करणे इष्ट असते.

## रेडिओ व्यत्यय

विजेच्या तारांना कोअॅक्शियल केबलप्रमाणे धातूचे आवरण नसते. त्यामुळे त्यांतून उच्च वारंवारतेचा संकेत जाताना त्या काही प्रमाणात अँटेनासारख्या वागतात. होमप्लग एव्हीचा पट्टा लघुलहरी रेडिओच्या पट्ट्याशी जवळजवळ तंतोतंत जुळतो. लघुलहरी प्रक्षेपणाचे श्रोते आणि हॅम म्हणून ओळखले जाणारे हौशी रेडिओचालक यांनी या तंत्रज्ञानाला आरंभापासून विरोध केला. हॅम चालक दूरवरचे अतिशय क्षीण संकेत ऐकत असतात. शेजारच्या घरातील अडॅप्टरमुळे वाढलेल्या पार्श्वनॉइजमध्ये ते संकेत बुडून जातात.

या आक्षेपांमुळे हौशी रेडिओसाठी राखीव वारंवारतांवरील उपवाहक बंद ठेवण्याची तरतूद मानकांत करण्यात आली. युरोपात २०१३ मध्ये ईएन ५०५६१-१ हे मानक आले. अडॅप्टरने आवश्यकतेपुरतीच शक्ती वापरावी आणि ज्या वारंवारतेवर रेडिओ प्रक्षेपण आढळेल ती आपणहून सोडावी अशी अपेक्षा त्यात आहे. अमेरिकेत संघीय संचार आयोगाने २००४ मध्ये वीजवाहिन्यांवरील इंटरनेट सेवेसाठी नियम केले. त्यांना हौशी रेडिओचालकांच्या एआरआरएल या संघटनेने न्यायालयात आव्हान दिले. २००८ मध्ये न्यायालयाने नियमांचा काही भाग फेरविचारासाठी आयोगाकडे परत पाठवला. हा वाद रस्त्यावरील वाहिन्यांविषयी असला तरी त्यातील मूळ प्रश्न घरगुती अडॅप्टरांनाही लागू होतो.

व्यत्यय उलट दिशेनेही होतो. जवळील शक्तिशाली लघुलहरी प्रक्षेपकाचा संकेत घरातील तारांत उतरून अडॅप्टरचा वेग घटवू शकतो. तसेच टेलिफोनच्या तारेवरून चालणारी व्हीडीएसएल जोडणी आणि पॉवरलाइन अडॅप्टर यांच्या वारंवारता काही अंशी समान असल्याने, दोन्ही तारा जवळून जात असल्यास त्यांचा परस्परांवर परिणाम होतो. प्रकाशीय तंतूने आलेल्या जोडणीला ही बाधा होत नाही.

## विद्युत सुरक्षितता

अडॅप्टर सतत चालू राहतो व थोडा तापतो. त्यामुळे तो पडद्यामागे अथवा बंद कपाटात ठेवू नये अशी सूचना उत्पादक देतात. भारतात गोल पिनांचे ६ आणि १६ अँपिअरचे सॉकेट प्रचलित आहेत. परदेशी बनावटीच्या अनेक अडॅप्टरांचे प्लग त्यांत घट्ट बसत नाहीत. सैल बसणाऱ्या परिवर्तकामुळे ठिणग्या उडून सॉकेट तापण्याचा धोका असतो आणि अर्थिंगची जोडणीही बहुधा तुटते. पुढील बाजूस सॉकेट असलेल्या अडॅप्टरवर छापलेल्या मर्यादेपेक्षा अधिक भार जोडणे धोकादायक असते. अडॅप्टर वापरूनही केबल टाकावी लागल्यास इथरनेट केबल विजेच्या तारांच्याच नळीतून नेणे टाळतात. तसे केल्यास आवरण खराब झालेल्या विजेच्या तारेचा दाब इथरनेट केबलमध्ये उतरण्याची भीती असते.

## पर्यायांशी तुलना

* इथरनेट केबल : वेग, स्थिरता आणि गोपनीयता या तिन्ही बाबतींत सर्वांत सरस. केबल टाकण्याचा खर्च व तोडफोड ही अडचण. भाड्याच्या घरात बहुधा शक्य नसते.
* वायफाय मेश : अनेक केंद्रे बिनतारी पद्धतीने एकमेकांना जोडलेली असतात. बसवणे सोपे, परंतु प्रत्येक केंद्राला आधीच्या केंद्राचा चांगला संकेत मिळावा लागतो. जाड भिंती व स्लॅब यांमुळे परिणामकारकता घटते.
* कोअॅक्शियल केबल : मोका या मानकाची उपकरणे दूरचित्रवाणीच्या केबलवरून माहिती नेतात. ज्या घरांत खोलीखोलीत अशी केबल आहे तेथेच उपयुक्त. डीटीएचच्या डिशकडून येणाऱ्या संकेताची वारंवारता मोकाच्या पट्ट्यावर येत असल्याने एकाच केबलवर दोन्ही चालवता येत नाहीत.
* पॉवरलाइन अडॅप्टर : तोडफोड नाही आणि भिंतींचा अडथळा नाही. वेग मात्र वायरिंगवर अवलंबून आणि घरातील उपकरणांनुसार बदलता.

हे पर्याय परस्परपूरकही असतात. मेश प्रणालीतील दोन केंद्रे पॉवरलाइन अडॅप्टरने जोडून प्रत्येक मजल्यावर वायफाय पुरवण्याची पद्धत बरीच प्रचलित आहे.

## इतर उपयोग आणि सद्यस्थिती

वायफायच्या नव्या पिढ्या व मेश प्रणाली स्वस्त झाल्यानंतर घरगुती इंटरनेटसाठी पॉवरलाइन अडॅप्टर हा मुख्य पर्याय न राहता विशिष्ट अडचणीवरील उपाय बनला आहे. नव्या उपकरणांमध्ये जी.एचएन मानकाचा वापर वाढला असून जर्मनीतील आखेन येथील डेवोलो या कंपनीने २०१८ मध्ये या मानकावरील अडॅप्टरांची मालिका बाजारात आणली.

घराबाहेर मात्र या तंत्रज्ञानाचा विस्तार झाला आहे. होमप्लगची ग्रीन फाय ही कमी वेगाची व कमी वीज वापरणारी आवृत्ती विद्युत मोटारींच्या चार्जिंगमध्ये वापरली जाते. भारतातील विद्युत मोटारींसाठी प्रचलित असलेल्या सीसीएस-२ पद्धतीत जलद चार्जिंग सुरू होण्यापूर्वी मोटार आणि चार्जिंग केंद्र यांच्यातील संवाद याच पद्धतीने होतो. तेथे संकेत मुख्य वीजवाहक तारांऐवजी प्लगमधील नियंत्रण तारेवरून पाठवला जातो. अनेक देशांत स्मार्ट मीटरची वाचने गोळा करण्यासाठी जी-३ पीएलसी आणि प्राइम ही किलोहर्ट्झ पट्ट्यातील मानके वापरली जातात. त्यांत वेगाऐवजी पल्ल्याला प्राधान्य दिलेले असते.

## हे सुद्धा पहा

* इथरनेट
* वायफाय
* राउटर
* हौशी रेडिओ
* विद्युत पारेषण
* स्मार्ट मीटर